आंघोळीचं पाणी आणि होस्टेलसमोरचं लॉन

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. मेसचा मेनू आणि ‘सायकलची चावी सापडली आहे’ यांच्या बरोबर मध्ये. ‘वसतिगृहातील स्नानगृहांचे सांडपाणी गाळून प्रवेशद्वारासमोरील हिरवळीस देण्याचे प्रस्तावित आहे. तरी विद्यार्थी व कर्मचारी यांनी आपले मत लेखी कळवावे.’ खाली रेक्टर सरांची सही. संध्याकाळपर्यंत त्या सहीखाली बॉलपेनने दोन मतं आलेली होती. पहिलं, ‘शी!!’ दुसरं, ‘मेसची आमटी सध्या कोणत्या पाण्यात होते ते आधी कळवावे.’

लेखी मत मीपण देणार होतो. पण दोन ओळींत ते काही मावेना. तेवढ्यात मराठी विभागाच्या संपादकांनी ‘काहीतरी दे रे, पानं रिकामी राहायलेत’ असं म्हटलं. तेव्हा मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या नोटिशीला माझं उत्तर आहे असं समजा. रेक्टर सर अंक वाचतात असं ऐकून आहे.

तर त्या रात्री मेसमध्ये जे झालं त्याला चर्चासत्रच म्हणावं लागेल. एरवी आमच्या टेबलावर विषय दोनच, क्रिकेट आणि केटी. त्या दिवशी ताटं वाळली तरी कुणी उठेना. माझा रूम पार्टनर पिंपरी-चिंचवडचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. ‘पीएलमध्ये आपण त्या लॉनवर बसून अभ्यास करतो, तिथेच लोळतो, घरून आलेला डबा खातो. उद्या त्याच गवतावर साबणाचं नि शेवाळ्याचं पाणी? वास मारणार, डास होणार.’ नांदेडचा एक सीनियर म्हणाला, ‘पाहुणे येतात, तपासणी समिती येते, गेटवरच वास आला तर मार्क कापतील.’ आणि मग एकजण हळूच म्हणाला, ‘आणि कुणाकुणाच्या आंघोळीचं पाणी असेल ते, काय सांगता येतं?’

यावर टेबल क्षणभर गप्प झालं. ते वाक्य नुसतं साबणाबद्दलचं नव्हतं, हे सगळ्यांना कळलं. ज्या राज्यात २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी काही माणसांनी प्यायलं म्हणून नंतर त्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ केलं गेलं, त्या राज्यात पाण्याच्या शुद्धतेची प्रत्येक चर्चा नुसती प्रयोगशाळेतली नसते. तिथे शेण आणि गोमूत्र घालून पाणी शुद्ध होतं, आणि इथे वाळूतून गाळून अशुद्धच राहतं! असो. त्या मित्राला मी नंतर एकट्याला गाठून बोललो. तो चिडला नाही, एवढं इथे सांगतो.

पार्टनरचा मुद्दा मात्र खरा होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं. ते देण्याआधी मी कुठून बोलतोय ते सांगतो.

मी रेणापूरचा. लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलात की पंधरा-वीस किलोमीटरवर. रेणुकादेवीचं देऊळ आणि रेणा नदी ही गावाची ओळख. नदी म्हणायची पद्धत आहे, पण वर्षातले बरेच महिने ती नदीपेक्षा रस्त्यासारखीच वापरली जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात मी पाचवीत होतो. तुमच्यातले जे लातूर, बीड, धाराशिव, परभणीकडचे आहेत त्यांना तो उन्हाळा आठवत असेल. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलेलं. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, म्हणजे कलम १४४. दंगलीत लावायचे ते कलम पाण्यासाठी! आणि १२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची.

त्या वाघिणी एरवी तेल वाहणाऱ्या होत्या. राजस्थानात कोट्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन मग त्या मिरजेला आणल्या. ही गोष्ट तेव्हा पेपरात आली होती. लातूरच्या कुणी ‘शी!!’ म्हटलं का? तेलाच्या टाकीतलं पाणी म्हणून कुणी परत पाठवलं का? लोकांनी ते घेतलं. घशाला कोरड होती हे एक कारण. पण ती टाकी कुणी धुतली, कशाने धुतली आणि आत काय भरलं, हे लोकांना सांगितलं गेलं होतं, हे दुसरं. हे दुसरं कारण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या गल्लीत तेव्हा आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. माझं काम होतं नळी धरायचं. आजीला आम्ही ‘माय’च म्हणतो. माय त्या उन्हाळ्यात आम्हा पोरांना बाजेवर बसवून आंघोळ घालायची आणि बाजेखाली मोठी परात ठेवायची. बाजेच्या विणीतून गळलेलं पाणी परातीत. त्या पाण्यात आधी फडकी, पायपुसणी धुवायची. मग ते शेण-सारवणाला, नाहीतर परसातल्या केळीला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला. एकच बादली घरात तीन-तीन वेळा फिरायची. आपण ज्याला ‘रीसायकलिंग’ म्हणून चौथ्या सेमला चार मार्कांचं टिपण लिहितो, ते मायनं बाजेखालच्या परातीत केलेलं आहे आणि तिला ते फार मोठं काही वाटत नव्हतं. दुष्काळ नसतानाही न्हाणीचं पाणी मोरीतून परसातच जायचं. आपल्याकडे कोणत्याही जुन्या घरामागे जाऊन बघा, मोरीच्या तोंडाशी अळू, केळ किंवा कर्दळ सापडेलच.

पण तिचे नियम होते. एकदा मी शहाणपणा केला आणि परातीतलं पाणी तुळशीला घातलं. पाठीत धपाटा बसला. मला वाटलं, देवाचं म्हणून. माय म्हणाली, ‘आरं, त्यात सोडा हाय. जळंल ना ती. आन् तिची पानं तू तशीच तोडून खातूस.’ मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यालाही ते पाणी ती जाऊ द्यायची नाही. केळीला चालेल, अळूला चालेल, कारण अळू शिजवून खायचं. कोथिंबीर कच्ची खायची, म्हणून नाही.

हे मी विसरून गेलो होतो. मग गेल्या सेममध्ये एन्व्हायर्नमेंटलच्या असाइनमेंटसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १९८९ सालची सांडपाण्याच्या वापराबद्दलची मार्गदर्शिका चाळत होतो आणि एकदम हसूच आलं. तिथेही तीच वर्गवारी! कच्चं खाल्लं जाणारं पीक वेगळं, शिजवून खायचं वेगळं, झाडं-झुडपं वेगळी. कच्च्या खायच्या पिकाला आणि सार्वजनिक बागांना १०० मिलिलिटरमध्ये १००० पेक्षा जास्त विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू नकोत असं म्हटलंय. आणि त्याखाली तळटीप आहे, तिथे मी थांबलो. हॉटेलच्या लॉनसारखं जिथे माणसांचा गवताशी थेट संबंध येतो, तिथे ही मर्यादा २०० असावी. म्हणजे माझ्या पार्टनरच्या बाजूने आरोग्य संघटना उभी आहे, मित्रांनो! आणि आपल्या पर्यावरण मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी जी मानकं काढली, त्यात बाहेर सोडायच्या पाण्याला १००० ची मर्यादा आहे. म्हणजे नदीत सोडायला ‘पास’ झालेलं पाणी लॉनवर लोळायच्या परीक्षेत नापास होऊ शकतं. आंघोळीचं पाणी संडासाच्या पाण्यापेक्षा खूपच बरं, पण त्यातही जंतू असतात. आपण काय काय धुतो ते आपल्याला माहीत आहे.

मग काय, ‘शी!!’ बरोबर? नाही. थांबा.

त्याच २०१६ च्या एप्रिलमधली आणखी एक गोष्ट. आयपीएल सुरू होती. महाराष्ट्रात पाणी नाही आणि मैदानावर लाखो लिटर ओततात म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. महाराष्ट्रातल्या सामन्यांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल असं याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं. आमच्या हिशेबात ते पहिल्या रेल्वेसारख्या बारा गाड्या! तेव्हा क्रिकेट मंडळाने कोर्टाला सांगितलं, आम्ही पिण्याचं पाणी वापरणारच नाही, महालक्ष्मी रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी टँकरने आणू. तरीही कोर्टाने १३ एप्रिलला आदेश दिला की ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर घ्या. लातूरला पहिली रेल्वे आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. फायनल बंगळुरूला गेली.

मी तेव्हा मुंबई इंडियन्सचा कट्टर भक्त. मला आपलं राग आला होता, कोर्टाचा. गल्लीतली मोठी माणसं म्हणत होती, बरं झालं. आज मला त्यातली एकच गोष्ट बोचते. रेसकोर्सवर प्रक्रिया केलेलं पाणी होतं. वानखेडे स्टेडियम तिथून काही किलोमीटरवर. मग ते पाणी कोर्टाने विचारल्यावरच कसं आठवलं? आधीच्या सीझनला का नाही? सामने हलवणं योग्य की अयोग्य यावर मेसमध्ये आजही दोन तट पडतात (मी स्वतः आता ‘योग्य’वाला आहे, कारण काही निर्णय पाण्याच्या लिटरांपेक्षा लाजेखातर घ्यावे लागतात). पण वापरता येण्यासारखं पाणी पडून असताना मैदानावर चांगलं पाणी ओतण्याची आपल्याला सवय आहे, हे त्या प्रकरणाने सगळ्यांसमोर आणलं.

आणि ही सवय आपल्या होस्टेललाही आहे. समोरच्या लॉनला सध्या कोणतं पाणी जातं? बोअरचं. ज्या बोअरचं पाणी एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, ज्याच्यासाठी आपण सकाळी साडेपाचला बादल्यांची रांग लावतो, तेच. वास नाही, डास नाही, पाहुणे खूश!

आता इंजिनिअरिंगला आहोत तर थोडा हिशेब करू. आपलं लॉन मी पावलांनी मोजलं, साधारण तीस मीटर बाय वीस, म्हणजे ६०० चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात गवताला दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर (हे व्हायव्हाला विचारतात, लक्षात ठेवा). तेव्हा ६०० गुणिले सात, ४,२०० लिटर. रोज. पाच हजारांच्या टँकरला थोडं कमी. जो टँकर आमच्या अख्ख्या गल्लीला आठ-दहा दिवसांनी मिळायचा, तेवढं आपण रोज गवताला घालतो.

दुसरी बाजू. होस्टेलला आपण २४० जण. माणशी दोन बादल्या, पंधरा लिटरची एक. झाले ७,२०० लिटर. सबमिशनच्या आठवड्यात हा आकडा निम्म्यावर येतो हे मान्य, पण तरीही! कपडे धुण्याचं पाणी मी यात धरलेलंच नाही. म्हणजे भर उन्हाळ्यात लॉनला लागतं त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी रोज सकाळी नऊच्या आत आपल्या बाथरूममधून गटारात जातं. रेक्टर सरांची योजना आकड्यांत चुकीची नाही.

मग अडलंय कुठे? याचं उत्तर मला आपल्या माळीमामांनी दिलं. आम्ही ज्यांना विचारायलाच विसरलो होतो ते. नोटिशीत ‘विद्यार्थी व कर्मचारी’ असं लिहिलं होतं, पण मामांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी विचारलं, ‘मामा, आंघोळीचं पाणी लॉनला सोडायचं म्हणतात. तुमचं काय मत?’ ते खुरपं बाजूला ठेवून म्हणाले, ‘पानी कोन्तं बी सोडा. नळी तर मलाच धरायची हाय न? हातमोजे देनार हाईत का? आन् त्या टाकीतला गाळ कोन काढनार, मीच न?’

आम्ही अर्धा तास मेसमध्ये आपल्या डब्याची आणि आपल्या नाकाची काळजी करत होतो. ज्याचे हात रोज दोन तास त्या पाण्यात असणार, तो माणूस आमच्या चर्चेत कुठेच नव्हता. सांडपाण्याच्या प्रत्येक योजनेत असा एक माणूस असतो. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तो ‘देखभाल’ या शब्दात असतो.

आणि मामांचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्याही सगळ्यात अवघड आहे. आंघोळीचं पाणी ताजं असताना फारसा वास मारत नाही. ते टाकीत चोवीस तासांपेक्षा जास्त साठवलं की आतला प्राणवायू संपतो आणि मग खरा वास सुरू होतो. म्हणजे रोजचं पाणी रोज वापरायला हवं, गाळ वेळेवर काढायला हवा, वाळू-खडीचा थर धुवायला हवा. सुट्टीत होस्टेल रिकामं असेल तेव्हा टाकी रिकामी करायला हवी. चंदीगडला बागांना आणि बंगल्यांच्या हिरवळीला प्रक्रिया केलेलं पाणी देण्यासाठी वेगळ्या पाइपलाइनी टाकल्या, आणि तिथे लोकांची मुख्य तक्रार राहिली ती वासाचीच. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये १९३२ साली त्यासाठी वेगळं प्रक्रिया केंद्रच बांधावं लागलं. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात १९७७ पासून लॉनसाठी वेगळी पाइपलाइन आहे. अमेरिकेत या पाण्याचे पाइप जांभळे असतात, म्हणजे कुणी चुकून त्याला तोंड लावू नये. आपल्या नागपूरचंच घ्या. भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, दिवसाला १३ कोटी लिटरच्या घरात. म्हणजे तंत्र काही चंद्रावरचं नाही. चालतं ते, रोज कुणीतरी चालवलं तर.

आपल्याकडे उद्घाटनाला नारळ फोडायला दहाजण येतात. वाळूचा थर धुवायला कोण येतं? कॉलेजात आल्यापासून मी तीन चांगल्या गोष्टी बंद पडलेल्या पाहिल्यात (नावं घेत नाही, सोलर हीटरवाल्यांना कळेल).

आता आणखी एक बाजू, जी मला गावी गेल्यावर कळली. मागच्या सुट्टीत पिंपळफाट्यावर अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, चहाला थांबलो होतो. मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या आपल्या नगरपंचायतीनेही गावाचं सांडपाणी गाळून रस्त्याकडेच्या झाडांना, बागेला द्यावं. अण्णांचे एक दोस्त बाजूला बसले होते, त्यांचं दोन एकर रान ओढ्याच्या खालच्या अंगाला. ते बशी खाली ठेवून म्हणाले, ‘बाळ, तू शिकलेला हाईस. पण वड्याचं पानी बागेला नेलं तर माझ्या म्हशीनं काय खायाचं?’ ते ओढ्यावर मोटर टाकून हत्तीगवत करतात. वर्षानुवर्षं. गावाला ते ‘सांडपाणी’ आहे, त्यांना ते पाणीच आहे. अण्णा म्हणाले, ‘आरं, पर तेच पानी लोकं मेथीला बी देतेत, ती मेथी आपन खातोत, ते?’ त्यावर काका काही बोलले नाहीत. मग दुसरा एकजण म्हणाला, ‘आन् साखर कारखान्याच्या उसाचं काय, त्याला तर चांगलंच पानी लागतंय, त्याचं कुनी बोलत नाई.’ चर्चा उसावर गेली म्हणजे ती संपणार नाही हे ओळखून आम्ही उठलो.

पण घरी येईपर्यंत ते डोक्यात राहिलं. ‘वाया जाणारं पाणी’ आपण म्हणतो, ते खरंच वाया जात असतं का? होस्टेलचं पाणी सिमेंटच्या गटारातून जातं, त्याच्यावर खाली कुणाचं रान नाही, हे मी नंतर चालत जाऊन बघून आलो. म्हणून इथे प्रश्न नाही. पण गावात बागेसाठी पाणी वळवायचं तर आधी ओढ्याकाठच्या मोटरी मोजायला लागतील, आणि त्या शेतकऱ्यांना गाळलेलं पाणी चाऱ्यासाठी आधी, मग बागेला, असा क्रम लागेल. मला तरी तो क्रम बरोबर वाटतो. बाग कुणालाही आवडते, पण म्हैस दोन वेळा दूध देते.

आता माझं मत, लेखी.

पाणी वापरावं. होस्टेलच्या आंघोळीचं पाणी गाळून वापरावं याच्या मी बाजूने आहे. पण लॉनला नको.

कारण एक तर पार्टनरचं बरोबर आहे. जिथे माणसं बसतात, लोळतात, तिथे २०० ची मर्यादा रोज पाळायची ताकद आपल्या होस्टेलच्या वाळूच्या फिल्टरमध्ये नाही. त्याला क्लोरीन लागेल, तपासणी लागेल, आणि ते आपण दोन महिने करू, तिसऱ्या महिन्यात पावडर संपेल. दुसरं म्हणजे, लातूरला ६०० चौरस मीटर लॉन हवंच कशाला? कोरड्या आठ महिन्यांत दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर धरलं तरी गवताला १,२०० मिलिमीटर पाणी लागतं. आपल्याकडे अख्ख्या वर्षात पाऊस पडतो ८०० च्या आसपास. म्हणजे आभाळ देतं त्याच्या दीडपट आपण गवतावर ओततो. हे गवत इथलं नाहीच. आणि उद्या ‘आता तर फुकटचं पाणी आहे’ म्हणून लायब्ररीसमोर दुसरं लॉन लावतील, ही भीती मला वासापेक्षा जास्त आहे. २०१६ च्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरलं आणि सहा महिन्यांत आपण सगळं कसं विसरलो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही भीती कळेल.

त्याऐवजी लॉन निम्मं करा. राहिलेल्या जागेत आणि कंपाउंडच्या कडेने कडुलिंब, करंज, चिंच, वड अशी चाळीस झाडं लावा. झाडाला आठवड्यातून दोनदा चाळीस लिटर धरलं तरी आठवड्याचे ३,२०० लिटर होतात. लॉनच्या एका दिवसाच्या पाण्यापेक्षा कमी! तीन-चार वर्षांनी ती झाडं पाणी मागणारही नाहीत. पाणी जमिनीखालून, आळ्यातल्या पाइपमधून मुळाशी द्या, म्हणजे कुणाच्या हाताला लागणार नाही, ना बसणाऱ्याच्या, ना मामांच्या. मोरीच्या तोंडाशी कर्दळीचा वाफा करा, गाळायचं अर्धं काम ती करते. कपडे धुण्याचं पाणी यात घेऊ नका. डिटर्जंटमधला सोडियम आपल्या काळ्या मातीला वाईट, ती बसते, मग पाणी मुरत नाही. (माय म्हणाली होती, ‘त्यात सोडा हाय.’) उरलेल्या निम्म्या लॉनला चांगलं पाणी द्या आणि त्या नळाला मीटर बसवा. रोजचा आकडा नोटीस बोर्डावर लावा, किती लिटर बोअरचं गवतावर गेलं ते. बघू किती दिवस हिरवं ठेवावंसं वाटतं.

यात कुणी म्हणेल, मग जास्तीचे साडेसहा-सात हजार लिटर रोज गटारातच जाणार की! हो, सुरुवातीला जातील. संडासाच्या फ्लशला ते नेता येतील, पण त्याला वेगळी पाइपलाइन लागते आणि ते काम बिल्डिंगचं आहे, माळीकामाचं नाही. झेपेल तेवढ्यापासून सुरू करावं असं मला वाटतं. पाचशे लिटरची टाकी नीट चालवून दाखवली तर पाच हजारांची मागायला तोंड राहील.

आणि हातमोजे, गमबूट, गाळ काढण्याचे वेगळे पैसे, हे एस्टिमेटमध्ये पहिल्या पानावर लिहा. ‘किरकोळ’मध्ये नको. महिन्यातून एकदा पाण्याचा नमुना आपल्याच एन्व्हायर्नमेंटल लॅबमध्ये तपासा. तिथली उपकरणं वर्षातून फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेर निघतात, त्यांनाही हवा लागेल. रिपोर्ट चांगला येवो की वाईट, मेसच्या मेनूशेजारी लावा. कोट्याला वाघिणी धुतल्या हे लातूरला माहीत होतं, म्हणून लातूरने ते पाणी भरून घेतलं. आपल्या टाकीत काय आहे ते आपल्यालाही कळू द्या.

पार्टनरला हा मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘झाडाखाली बसायला मला चालेल. पण तुझे २४० गुणिले तीस हे थापा आहेत, तू स्वतः एका बादलीत आंघोळ करतोस.’ हे खरं आहे. २०१६ पासूनची सवय. म्हणून येत्या सोमवार ते शनिवार दोन्ही विंगच्या बाथरूमबाहेर एक वही बांधून ठेवतोय. कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त बादल्या. मामांनी लॉनच्या नळावरचे तास लिहून ठेवायचं कबूल केलंय. वहीला पेन बांधलेलं असेल, ते कृपया कुणी नेऊ नये.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी